'चाय हो गई' आणि आमची ऑन-कॉल पाळी

आमच्या मंडळाच्या अंकात दरवर्षी कोणीतरी निवृत्त माणूस नोकरीच्या आठवणी लिहितो आणि त्या पहिल्या पोस्टिंगपासून निरोपसमारंभाच्या नारळापर्यंत रांगेने येतात. माझ्याकडून ते होणार नाही. एक तर बढत्यांच्या तारखा माझ्या लक्षात नाहीत. दुसरं म्हणजे माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं काम मी निवृत्त झाल्यावर केलं आणि त्याचा नारळ कोणी दिला नाही. वाचताना काहींना ठसका लागेल. पाणी जवळ ठेवा.

मी इथे दिल्लीत एका केंद्रीय कचेरीत सर्व्हर सांभाळायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही घरी बसून सरकारी वेबसाइट उघडता, ती कुठल्यातरी थंडगार खोलीतल्या यंत्रावर असते. तो सर्व्हर. तो सतत चालू राहायला हवा, पण त्याच्यासमोर माणूस किती वेळ बसणार? म्हणून त्याला शिकवून ठेवायचं की बाबा, तू थोड्या थोड्या वेळाने आम्हाला कळवत जा, 'मी आहे'. याला आमच्यात हार्टबीट म्हणतात. ठोका आला की पडद्यावर हिरवा दिवा. ठोका चुकला की ज्याची पाळी असेल त्याचा फोन वाजतो, मग तो जेवत असो की अंघोळीला गेलेला असो. या पाळीचं नाव ऑन-कॉल. मी अर्धं आयुष्य ऑन-कॉल होते. भाचीच्या लग्नात एका हाताने अक्षता टाकत दुसऱ्या हातातल्या फोनवरून मी सर्व्हर बंद-चालू करवून घेतलाय. मंगलाष्टकांच्या मध्येच मी 'केबल उपट, उपट आधी!' असं ओरडले, ते नवऱ्यामुलाच्या आत्याने अजून मनात ठेवलंय.

गिऱ्हाइकंही एकेक नामी होती. एका साहेबांचा दर आठवड्याला फोन यायचा, 'मॅडम, इंटरनेट गेलं.' जाऊन बघावं तर फाइल ठेवताना त्यांच्याच हातून मॉनिटरचं बटण दाबलं गेलेलं असायचं. मी गंभीर चेहऱ्याने थोडा वेळ काहीबाही टाइप करायचे आणि मग हळूच बटण दाबायचे. साहेबांची अब्रू राहायची आणि माझा गोपनीय अहवाल चांगला जायचा.

पण एकदा आमचीच फजिती झाली. कुठल्याशा परीक्षेचा निकाल होता. आमच्या पडद्यावर सगळे दिवे हिरवेगार, आणि गावोगावची मुलं फोन करून सांगताहेत की साइट उघडत नाही. आम्ही छातीठोकपणे म्हणतोय, उघडते, तुमचंच नेट खराब आहे! शेवटी कळलं की 'मी आहे' म्हणणारा प्रोग्राम ठणठणीत होता, पण निकाल दाखवणारा प्रोग्राम केव्हाच कोलमडला होता. त्या दिवसापासून हिरवा दिवा दिसला की मी आधी त्याच्यावर संशय घेते. माझ्या कामातली अक्कल म्हणाल तर एवढीच.

आता घरचं सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. मयूर विहारच्या सोसायटीत मी आणि फ्लोरी राहतो. फ्लोरी वसईची, पेशाने नर्स. हिंदूराव हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये ती राहायची तेव्हा आमची ओळख झाली, आणि आम्ही एकत्र राहायला लागलो त्याला तीस वर्षं होऊन गेली. माझ्या ऑफिसात ती 'माझी मैत्रीण' होती, वसईला मी 'रूममेट', माझ्या भावाकडे ती 'त्या सिस्टर'. खरं काय ते आम्ही दोघी सोडून कोणाला सांगितलं नाही. आमच्या पिढीकडे त्यासाठी शब्द नव्हते, असं म्हणायची पद्धत आहे. शब्द होते हो. छाती नव्हती.

झरीन माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून आली होती. मूळची रत्नागिरीकडची, वडील केंद्र सरकारात, जन्म इथला. घरात मराठी, पण शब्द अडला की हिंदी. मी निवृत्त झाल्यावर एकदा चहाला आली आणि बिस्किट बुडवता बुडवता म्हणाली, "मीनाताई, आमचा एक ग्रुप आहे यार. टेकमधल्या क्वीअर बायकांचा. तुम्ही दोघी याल?"

'दोघी' म्हणाली! फ्लोरीच्या हातातलं गाळणं खाली पडलं. मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" तर ही म्हणते, "सांगायला कशाला पाहिजे? तुमच्या डब्यावरच्या झाकणाला रोज कोणीतरी रबर लावून द्यायचं. मला सगळं माहीत होतं."

क्वीअर हा शब्द माझ्या तोंडात बसायला वेळ लागला. मी आपलं मनात 'बायकांवर जीव असलेल्या बायका' म्हणायचे. नोएडात एका कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत त्या रविवारी जमायच्या. मला वाटलं होतं, रडारड असेल. छे! कोणत्या कंपनीत जागा निघाली आहे, मुलाखतीत काय विचारतात, कुठल्या ऑफिसच्या आरोग्यविम्यात जोडीदार म्हणून बाईचं नाव लिहू देतात, कुठला घरमालक नको ते प्रश्न विचारत नाही, यावर धडाधड बोलणं चाललेलं. एक जण दुसरीची खोटी मुलाखत घेऊन तिला घाम फोडत होती. याला म्हणे नेटवर्किंग म्हणतात. आमच्या वेळी याला वशिला म्हणायचे आणि तो फक्त पुरुषांकडे असायचा.

मग एक पोरगी समोसा खाता खाता म्हणाली, "माझी गर्लफ्रेंड गुरुग्रामला डेटाबेसवर काम करते." 'आमचे हे बँकेत आहेत' म्हणावं इतक्या सहज. कोणी चमकलं नाही, कोणी दाराकडे बघितलं नाही. मी मात्र दाराकडे बघितलं. घरी येताना मेट्रोत फ्लोरीच्या आणि माझ्या डोळ्यांना पाणी येत होतं. एवढं सोपं असतं होय, असं मला पुन्हा पुन्हा वाटत होतं.

या पोरींनी जे बनवलं होतं ते बघून तर मी थक्क झाले. त्यांच्यातल्या काहीजणींना घरून धोका होता. केव्हा गावी बोलावून घेतील, फोन काढून घेतील, लग्न लावून देतील, नेम नव्हता. तर यांनी काय केलं? आपलं कामातलंच ज्ञान घेतलं आणि माणसांना लावलं. एक छोटंसं अ‍ॅप बनवलं. जिला भीती आहे तिने रोज सकाळी त्यावर लिहायचं, 'चाय हो गई'. बस्स. घरच्या कोणी बघितलं तरी त्यात काय आहे? ठोका आला की नावापुढे हिरवा दिवा. नाही आला, तर त्या आठवड्यात जिची पाळी असेल तिने हालचाल करायची. आणि काय करायचं, हे प्रत्येकीने आधीच सांगून ठेवलेलं. कोणी म्हणे फोन करा पण घरी येऊ नका, कोणी म्हणे सरळ पोलीस घेऊन या. मी जन्मभर लोखंडाच्या कपाटांची काळजी घेतली, आणि हीच युक्ती माणसांना लावावी हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मी झरीनला म्हटलं, मलाही पाळी द्या. रिकामटेकडी आहे आणि सवयही आहे.

माझ्या पहिल्याच पाळीत गुंजनची गोष्ट घडली. गुंजन पानिपतची. वडिलांचा घोंगड्या-ब्लँकेटांचा कारखाना. ही नोएडात सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. चुका शोधण्यात वस्ताद, आणि स्वतः महाआळशी. बोलायला लागली की थांबायची नाही.

रोज सकाळी मी चष्मा लावून सगळ्यांचे चहा बघायचे. कोणाचा लवकर, कोणाचा धापा टाकत उशिरा. कोणी 'चय हो गी' लिहायची, कोणी 'चाय हो गई, दूध फट गया, दिन खराब'. गुंजनचा चहा मात्र अगदी ठरलेल्या मिनिटाला, रविवारीसुद्धा, पूर्णविरामासकट. मी फ्लोरीला कौतुकाने दाखवलं, "बघ, याला म्हणतात शिस्त!"

फ्लोरीने माझ्या हातातून फोन घेतला, वर-खाली करून बघितला आणि म्हणाली, "मीने, हे खोटं आहे. खरा ताप वर-खाली होतो. इतका सरळ ताप मी फक्त त्या चार्टांवर बघितलाय, जे पेशंटजवळ न जाता टेबलावर बसून भरलेले असतात."

मी झरीनला फोन लावला. "गुंजन शेवटची बोलली कधी? चहा सोडून?"

ती म्हणाली, "अच्छा, थांबा, बघते." मग तिकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. "ताई, कधीची बोललीच नाहीये. माझ्या नव्या नोकरीचं सांगितलं तेव्हा पण नाही. या अल्ला! ताई, तिने क्रॉन लावलाय. बिल्कुल क्रॉन लावलाय!"

क्रॉन म्हणजे यंत्राला दिलेला गजर. ठरल्या वेळी ठरलेलं काम ते आपोआप करतं. या महाराणीला सकाळी उठून तीन शब्द लिहायचा कंटाळा येत होता, म्हणून तिने ते काम भाड्याच्या सर्व्हरवर टाकून दिलं होतं. आता ती कुठे होती कोणास ठाऊक, आणि तिचा चहा मात्र इमानेइतबारे होत होता! मी ग्रुपवर विचारलं तर आणखी तिघींनी कबूल केलं की आम्हीही तेच केलंय. मी अशी भडकले म्हणता! "यंत्रावर भरवसा नाही म्हणून माणूस ठेवायचा, आणि तुम्ही माणसाच्या जागी यंत्र बसवता? अकलेच्या कांद्यांनो!" तिघींनी मुकाट्याने आपापले क्रॉन काढले. अशी चूक फक्त हुशार माणसंच करू शकतात, माझ्या फ्लोरीच्या हातून ती सात जन्मात झाली नसती.

मग चौकशी सुरू झाली. गुंजनचा फोन बंद. तिच्या खोलीतली मुलगी म्हणाली, दादी आजारी आहे म्हणून भाऊ घेऊन गेला, त्याला कितीतरी दिवस झाले. ऑफिसात कळलं की लग्न ठरल्यामुळे नोकरी सोडते, अशी तिच्या नावाने मेल आली होती. एका वकील मैत्रिणीने सांगितलं की मुलगी सज्ञान आहे, तिला कोणी अडकवू शकत नाही, गरज पडली तर मी कागद तयार ठेवते. पण ठोका चुकला तर काय करायचं, याचं उत्तर गुंजनने स्वतःच देऊन ठेवलं होतं. 'घर आना. पहले मुझसे पूछना.' घरी या, पण आधी मला विचारा.

म्हणून झरीन आणि मी निघालो. मराठी माणसाने पानिपतावर चालून जायचं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. फ्लोरीने डबा दिला आणि एकच सांगितलं, "खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही. नाकाचा शेंडा लाल होतो." मी कडक इस्त्रीची कॉटनची साडी नेसले. आमच्या उत्तरेत पांढरे केस आणि कडक साडी यांच्यापुढे बहुतेक दारं उघडतात.

दार उघडलंही. पुढे कारखाना, मागे घर. मागांचा खडखडाट, सगळीकडे लोकरीची तुसं. गुंजनचे वडील सभ्य माणूस, हात जोडून आत या म्हणाले. आई पन्नाशीची, ओढणी डोक्यावरून, हातात खाऱ्या, खुसखुशीत मठरीची थाळी. आम्ही सांगितलं, गुंजनच्या ओळखीच्या आहोत, तिला भेटायचंय. "आराम कर रही है," वडील म्हणाले. मी म्हटलं, "हम रुकेंगे." आणि बसले. वाट बघणं हा तर माझा धंदाच. चहा झाला, मठरी झाली, दुसरा चहा आला, तरी मी हलेना. शेवटी आई उठली आणि आत जाऊन गुंजनला घेऊन आली.

पोरगी अर्धी झाली होती. मी एवढंच विचारलं, "गुंजन, तुला काय हवंय?"

तिने वडिलांकडे बघितलं. पळून गेली नाही, रडली नाही, आमच्या मागे लपली नाही. सरळ उभी राहून म्हणाली, "पापा, मैं लड़कियों को पसंद करती हूँ. बीमार नहीं हूँ. मुझे दिल्ली जाना है. भागूँगी नहीं, बता के जाऊँगी."

माझ्या हातात कप होता, तो तसाच राहिला. खरं सांगते, मी आयुष्यात मंत्र्यांपासून सचिवांपर्यंत मोठीमोठी माणसं बघितली, पण त्या लोकरीने भरलेल्या खोलीत उभ्या असलेल्या त्या पोरीएवढं मोठं माणूस मी बघितलं नाही. जे मला तीस वर्षांत सख्ख्या भावाला सांगता आलं नाही, ते हिने आपल्या बापाला समोर उभं राहून सांगितलं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

वडील उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. "ये सब दिल्ली ने सिखाया है," एवढंच म्हणाले. आई मात्र माझ्या समोर येऊन बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "मैडमजी, आज जवान आहे म्हणून ठीक. उद्या? हिचं कोण बघणार? म्हातारपणी पाणी कोण देणार?" आणि मग आपल्याकडे कोणीही कोणालाही विचारतं, तसं तिने सहज विचारलं, "आपके साहब क्या करते हैं?"

हा प्रश्न मला आयुष्यात कितीदा विचारला गेला असेल! उत्तर पाठ होतं, 'लग्न नाही केलं.' तेही खोटं नव्हतं. पण समोर ती पोरगी उभी होती. मी कप खाली ठेवला.

"साहेब नाहीत," मी हिंदीत म्हटलं. "माझ्या घरी फ्लोरी आहे. नर्स आहे. आम्ही तीस वर्षं एकत्र संसार करतोय, भाभीजी. मला पाणी तीच देते. मी तिला."

झरीन तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिली. वडिलांची पाठ हलली नाही. आई माझ्याकडे बघत होती, माझे केस, माझी साडी, माझे हात, सगळं सावकाश. जणू माझ्यासारखी बाई असू शकते, ही गोष्ट ती डोळ्यांनी चाचपून बघत होती. मग विचारलं, "वो अभी घर पे हैं?"

"हो."

ती उठून आत गेली आणि खांद्यावर शाल, हातात पर्स घेऊन बाहेर आली. "चलो."

"कुठे?" वडील वळले.

"घर बघायला," ती म्हणाली. "मुलगी द्यायच्या आधी आपण मुलाचं घर बघायला जातो की नाही? चूल बघतो, माणसं बघतो. मी पण बघणार. पसंत पडलं नाही, तर उद्या सकाळच्या गाडीने हिला घेऊन परत येते."

वडिलांनी नकार दिला नाही. मला वाटतं, त्यांनाही हवं होतं की दुसऱ्या कोणीतरी ठरवावं. झरीन माझ्या कानाशी कुजबुजली, "ताई, कानून से हिला कोणाची परवानगी नको आहे. आपण हिला आत्ता अशीच नेऊ शकतो." ते गुंजनने ऐकलं. म्हणाली, "पता है, झरीन. लेकिन मुझे मम्मी भी चाहिए."

आम्ही चौघी गाडीत बसलो.

हायवेवर आई खिडकीतून बाहेर बघत होती आणि मधूनच प्रश्न टाकत होती. स्वयंपाक कोण करतं? फ्यूज उडाला तर कोण बघतं? भांडण होतं का? देव कोणाचा? मी उत्तरं देत होते. सरकारी ऑडिटं मी किती बघितली, पण ती यंत्रांची असायची. आज माझ्या संसाराचं होतं, आणि त्यावर एका पोरीचं आयुष्य ठरणार होतं. त्यात फ्लोरी फोन उचलेना. तिचा फोन नेहमी डाळीच्या डब्यावर आणि ती गॅलरीत. आम्ही येतोय, चौघी येतोय, जरा बरी साडी नेस, असं तीनदा लिहून पाठवलं. एकही वाचलेलं नाही. मी त्या माऊलीला मेरीमातेची शपथ घालून मनात म्हणत होते, अगं, बघ गं फोन!

दार उघडलं ते फ्लोरीनेच. अंगात फिकट गाऊन, डोक्याला मेंदी थापलेली, त्यावर दुधाची रिकामी पिशवी. माझ्या मागे कोण आहे हे न बघता तिने मराठीत सुरुवात केली, "आलीस? सकाळची बीपीची गोळी डबीत तशीच! तशीच! चक्कर येऊन पडली असतीस तर मी कुठे शोधणार होते तुला, पानिपतावर? आणि डबा? डबा खाल्लास की तोही मिरवून परत आणलास?"

डबा माझ्या पिशवीत तसाच होता. माझ्या नाकाचा शेंडा लाल झाला.

मग तिला मागच्या तिघी दिसल्या. "जीझस," ती म्हणाली आणि पिशवी सावरत आत पळाली. मी दारातच उभी राहिले. संपलं, मला वाटलं. एवढी मोठी बढाई मारून आणलं, आणि त्या बाईने काय बघितलं, तर आमचं भांडण.

आई आत आली. चपला काढल्या. घरभर फिरली. देव्हाऱ्यात गणपतीशेजारी क्रूस, तिथे थांबली. झोपायच्या खोलीत एकच पलंग, दोन्हीकडे एकेक चष्म्याचं घर, तिथे जास्त वेळ थांबली. मग सरळ स्वयंपाकघरात गेली आणि फ्लोरीच्या बाजूला उभी राहिली. फ्लोरीने डोकं धुऊन केसांना टॉवेल गुंडाळला होता आणि कणीक मळायला घेतली होती. तिचं हिंदी एवढ्या वर्षांत सुधारलं नाही. "तुम बैठो, मैं रोटी करती, तुम पावना हाय," असं ती म्हणत होती. आई बसली नाही. तिने लाटणं घेतलं.

आम्ही तिघी बाहेर सोफ्याच्या कडेवर बसून होतो. गुंजनने माझा हात एवढा घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती. आतून फक्त लाटण्याचा आवाज येत होता आणि मध्येच एखादं वाक्य. बराच वेळ गेला. मग आतून आईचं हसणं ऐकू आलं. झरीनने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

जेवताना आई बघत होती. फ्लोरीने न विचारता माझ्या ताटातलं लोणचं उचलून आपल्या ताटात घेतलं, माझ्या पोळीला तूप कमी लावलं, पाण्याच्या पेल्याशेजारी गोळी ठेवली आणि मी ती गिळेपर्यंत माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिली. मी गिळली. आईच्या हातातला घास तसाच होता.

"दीदी," ती म्हणाली. मैडमजीवरून ती दीदीवर केव्हा आली, माझ्या लक्षात आलं नाही. "दारात या तुमच्यावर ओरडत होत्या ते मला कळलं नाही, मराठी येत नाही. पण असं ओरडणं मला समजतं. माझी आई असं ओरडायची, बाऊजी उशिरा आले की." मग जरा थांबून, ताटाकडे बघत म्हणाली, "आमच्या ह्यांना आजपर्यंत माहीत नाही, मी काय खात नाही ते."

फ्लोरीने तिला आणखी एक पोळी वाढली.

भांडी घासायला आई पुन्हा फ्लोरीबरोबर आत गेली. गुंजन फोन घेऊन दारात उभी राहिली. चार शब्द बोलायलाही तिला धीर होत नव्हता. पानिपतला बापासमोर ताठ उभी राहिलेली पोरगी इथे एका चौकटीला धरून उभी होती. शेवटी तिने बारीक आवाजात विचारलं, "मम्मी, सुबह की गाड़ी का टिकट निकालूँ? दो?"

आईने नळ बंद केला. ओढणीला हात पुसले. लेकीकडे न बघता ओट्यावरचं भांडं उचलून जागेवर ठेवलं.

"एक," ती म्हणाली. "खिड़की वाली देखना."